रुमालाखालचा भाव

जुन्या बाजारात शेतमालाचा सौदा रुमालाखाली होत असे. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालत, बोटांच्या खुणांनी भाव ठरे, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाची हालचाल बघत राही. ही रीत मोडायला कायदे करावे लागले. देशातला पहिला नियंत्रित बाजार वऱ्हाडात कारंज्याला १८८६ साली सुरू झाला, १८९७ साली वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदा आला. त्यामागे शेतकऱ्याच्या कळवळ्यापेक्षा मँचेस्टरच्या गिरण्यांना लागणाऱ्या स्वच्छ कापसाची काळजी जास्त होती, हेही खरे. तरी महाराष्ट्राच्या १९६३च्या बाजार समिती कायद्यापर्यंत एक गोष्ट पक्की होत गेली: वजन आणि भाव चारचौघांत ठरला पाहिजे. ऑनलाइन खरेदीवरची आपली चर्चा स्वस्ताई आणि कोपऱ्यावरचे दुकान यांच्याभोवतीच घुटमळते. माझ्या मते खरी अडचण त्या रुमालाची आहे. तो परत आला आहे.

ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्ट यांना आपण सवयीने दुकान म्हणतो. कायद्याच्या लेखी ते दुकान नाही. मार्च २०१६च्या नियमानुसार परकी भांडवलाच्या कंपनीला बाजार चालवता येतो, त्या बाजारात स्वतःचा माल मांडता येत नाही (देशातच बनलेल्या मालाला काही सवलती आहेत, पण त्या अपवादापुरत्या). म्हणजे एकच प्रेशर कुकर दहा विक्रेते विकत असतात. फोटो एक, पान एक. पण खरेदीचे ठळक बटण त्यांपैकी एकाच्याच नावावर असते आणि उरलेले नऊ खाली बारीक अक्षरांत पडून राहतात. बटण कोणाला मिळणार हे संगणक ठरवतो: किंमत, पोचवण्याचा वेग, माल कंपनीच्या गोदामात आहे की नाही, आधीच्या तक्रारी किती. यातल्या कशाला किती वजन, ते विक्रेत्याला नेमके कळत नाही. शोधयादीतली वरची जागा तर जाहिरातीच्या पैशाने विकत मिळते. विक्रेता कमिशन देतो, गोदामभाडे देतो, पोचवण्याचा खर्च देतो आणि वर आपला माल दिसावा म्हणून पुन्हा पैसे भरतो. अडत, तोलाई, हमाली सगळे इथेही आहे, फक्त नावे बदलली. तोलाईची तर गंमतच आहे. वाहतुकीसाठी खोक्याच्या आकारमानावरूनही वजन धरले जाते, त्यामुळे उशा विकणारा हवेचेही भाडे भरतो. परत आलेल्या मालाची झळही बऱ्याचदा त्यालाच बसते. हा सारा खर्च शेवटी किमतीत शिरतो, आणि ग्राहकाला दिसते ती खोडलेली छापील किंमत व तिच्याशेजारची घसघशीत सूट.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. ग्राहकाचे भले झालेच ना? झाले. तालुक्याच्या गावात न मिळणारे पुस्तक किंवा नेमक्या मापाचा बूट घरपोच येतो. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी मिरवणाऱ्या दुकानदाराने ग्राहकाला काय दिले होते, हाही प्रश्न टाळता येत नाही. पण हे भले दिसते त्या यादीपुरते असते. यादीत काय वर आले आणि काय दडले याचा हिशेब ग्राहकाकडे नसतो. ‘फक्त दोनच शिल्लक’ असा खोटा धाक, शेवटच्या पायरीवर उगवणारे शुल्क, न मागता टोपलीत पडलेली वस्तू: अशा तेरा क्लृप्त्यांची यादी सरकारने नोव्हेंबर २०२३मध्ये जाहीर करून त्यांवर बंदी घातली. हे प्रकार तुरळक असते तर तेवढी उठाठेव करावी लागली नसती.

दुसरा आक्षेप: परवडत नसेल तर विक्रेत्याने बाहेर पडावे. बाजारपेठेतला दुकानदार गाळा बदलतो तेव्हा त्याची पत त्याच्याबरोबर जाते, गिऱ्हाईक त्याला नावाने ओळखते. इथे हजारो ग्राहकांनी दिलेले तारे आणि अभिप्राय त्या पानाला चिकटलेले असतात, ग्राहकही बाजाराचे असतात. पाच वर्षांची मेहनत करून विक्रेता बाहेर पडतो तो रिकाम्या हाताने.

तिसऱ्या आक्षेपात जास्त दम आहे: उघड लिलावासाठी उभ्या केलेल्या बाजार समित्यांचे शेवटी काय झाले? परवान्यांची मक्तेदारी आणि राजकारण इतके माजले की २०१६ साली राज्य सरकारला फळे-भाजीपाला त्यांच्या सक्तीतून सोडवावा लागला. म्हणून ऑनलाइन बाजारावर आणखी एक समिती बसवा असे म्हणण्याचा मोह मला नाही. समित्या बिघडल्या त्या मक्त्यामुळे. भाव उघड्यावर ठरवल्यामुळे नव्हे. मालकीचे नियम करूनही रुमाल हटलेला नाही. बाजारचालकाचा हिस्सा असलेल्या कंपनीने त्याच बाजारात विकू नये, असा नियम फेब्रुवारी २०१९पासून लागू झाला. तरी मर्जीतल्या विक्रेत्यांना झुकते माप दिल्याच्या आरोपावरून स्पर्धा आयोगाला जानेवारी २०२०मध्ये चौकशीचा आदेश द्यावा लागला आणि ती थांबवण्यासाठी कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. युरोपात मात्र डिसेंबर २०२२मध्ये ॲमेझॉनने दोन गोष्टी कबूल केल्या: इतर विक्रेत्यांची खासगी माहिती स्वतःच्या धंद्यासाठी वापरायची नाही, आणि खरेदीच्या बटणासाठी सगळ्यांना एकच निकष लावायचा. तिथे रुमालाच्या कोपऱ्याला हात घातला गेला.

आपल्याकडेही तशी तरतूद आहे. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत म्हटले आहे की क्रमवारीचे मुख्य निकष आणि त्यांचे परस्परांतले महत्त्व सर्वांना सापडेल अशा जागी, सोप्या भाषेत सांगितले पाहिजे. पण ‘प्रासंगिकता, किंमत, ग्राहकांची पसंती’ एवढे तीन शब्द लिहूनही या नियमाचे पालन केल्यासारखे दाखवता येते. लिलावात बोली पुकारतात तेव्हा आकडा ऐकू येतो. जाहिरातीमुळे एखादी वस्तू किती पायऱ्या वर चढली, कंपनीच्या गोदामात माल ठेवल्याने बटण मिळण्याची शक्यता किती वाढली, याचा आकडा त्या पानावर छापणे संगणकाला मुळीच जड नाही. ज्याच्या मालाचा क्रम ठरतो आहे, त्याला तो आज विचारायची सोय नाही.