शेवटचा हात

मे महिन्यातली दुपार. अनसिंगला घरी वरच्या खोलीत कूलर लावून मी मीटिंगमध्ये बसलो होतो. खालून आधी फटाका फुटल्यासारखा आवाज आला, आणि त्याच्या पाठोपाठ कुणी पायलीभर ज्वारी फरशीवर ओतावी तसा. धावत खाली गेलो. आई हातात झाडू घेऊन उभी होती आणि तिच्या पायांभोवती हिरवट काचेचे दाणे पसरले होते. आजोबांच्या प्रीमिअर पद्मिनीच्या मागच्या डाव्या दाराची काच.

"कायले हात लावला तुनं?" माझं पहिलं वाक्य हे होतं. लागलं का, असं नंतर विचारलं.

"झाडाले घेतलं होतं रे. उचलून बाजूले ठेवत होती. कोपरा टेकला फक्त."

ही गाडी आजोबांनी सेकंडहँड घेतली होती. वाशीम आणि पुसद यापलीकडे ती फारशी गेली नाही, आणि गेली बारा वर्षं टिनाच्या शेडमध्ये सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी होती. वर्क फ्रॉम होम मिळालं तेव्हा मी ती पुन्हा उभी करायची ठरवली. रंग काढायचा तर आधी काचा काढाव्या लागतात, कारण खरा गंज रबराच्या बीडिंगखाली असतो. दोन रविवारांत सगळ्या काचा निघाल्या. त्या ठेवायच्या कुठे, याचा विचार मात्र मी काचा हातात आल्यावर केला. म्हणजे केलाच नाही. मधल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवल्या, थेट शहाबादी फरशीवर, येण्याजाण्याच्या वाटेत. वरून एक चादर टाकली. चादर टाकली की आपण काळजी घेतली असं वाटतं.

त्या रात्री आई नीट जेवली नाही. दाणे तिनं सुपात गोळा करून तेलाच्या रिकाम्या डब्यात भरले होते, फेकले नव्हते. झोपायच्या आधी हळूच विचारलं, "नवी किती लागन? माह्या भिशीचे येतात पुढच्या महिन्यात."

इथे मला झोप येईना, आणि मी काचेबद्दल वाचत बसलो. दाराची काच टफन्ड असते. ती सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि हवेच्या झोतानं झटकन थंड करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसायला बघतो. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो आणि पोट कायम ताणाखाली. म्हणून मध्यभागी बुक्की मारली तरी ती सहन करते. कडा मात्र तिचा दुखरा भाग. कडेची चीर त्या ताणलेल्या पोटापर्यंत पोचली की सगळी काच एका क्षणात दाणे होऊन जाते. आणि चीर पडली त्याच दिवशी ती फुटेल असंही नाही. अर्धवट चीर घेऊन ती कितीतरी दिवस शहाण्यासारखी उभी राहू शकते. मग उन्हानं तापते, किंवा कोपरा कशाला तरी टेकतो.

हे वाचताना मला स्क्रूड्रायव्हर आठवला. मागच्या डाव्या दाराची काच चॅनेलमधून निघत नव्हती. रबर वाळून दगड झालं होतं. मी स्क्रूड्रायव्हर घालून ती उचकटली होती, आणि खालच्या कडेला नखाएवढा टवका उडालेला मला दिसला होता. दिसला होता, हे महत्त्वाचं. बोट फिरवून बघितलं आणि पुढच्या काचेकडे वळलो.

आता तो टवका त्या डब्यातल्या हजारो दाण्यांपैकी कशावर आहे, ते कुणालाच सांगता येणार नाही. म्हणजे मी गप्प राहिलो असतो तर प्रश्न तिथेच मिटला असता. काच आईच्या हातून फुटली, हे सगळ्यांना मान्य होतं. आईला तर सगळ्यात जास्त.

आमच्या कामात 'गिट ब्लेम' नावाची कमांड आहे. कोडची एखादी ओळ शेवटची कुणी बदलली त्याचं नाव ती दाखवते. कित्येकदा त्या बिचाऱ्यानं फक्त एक स्पेस काढलेली असते. चूक तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणी केलेली. नवीन पोरांना आम्ही पहिल्याच महिन्यात शिकवतो, की शेवटचा हात म्हणजे गुन्हेगार नव्हे. हे शिकवणारा मी, घरात पाच सेकंदांत "कायले हात लावला" म्हणालो.

पण गोष्ट एवढी सोपीही नाही. समजा आई त्या दिवशी खोली न झाडता शेजारी गेली असती. काच टिकली असती, गाडीत परत बसली असती, आणि मला कुणी निष्काळजी म्हटलं नसतं. निष्काळजीपणा तेवढाच, फक्त निकाल वेगळा. बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञानं १९७६ मध्ये याला 'मॉरल लक' म्हणजे नैतिक नशीब असं नाव दिलं, आणि थॉमस नेगल या दुसऱ्या तत्त्वज्ञानं त्याला उत्तर लिहिलं. आपण माणसाला त्याच्या हातात असलेल्या गोष्टींसाठीच दोषी धरायला हवं असं म्हणतो, आणि प्रत्यक्षात धरतो ते जे घडलं त्यासाठी. विल्यम्सचं एक उदाहरण ट्रक ड्रायव्हरचं आहे. त्याची काहीही चूक नसताना मूल चाकाखाली येतं. बाजूला उभ्या असलेल्यालाही वाईट वाटतंच, पण ड्रायव्हरला वाटतं ते वेगळं असतं, आणि तसं वाटलं नाही तर आपणच त्याला काय माणूस आहे म्हणू.

मी हे वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, आता आईला सगळं समजावून सांगता येईल. तरी सांगायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांचं कोणतंही तत्त्वज्ञान माझ्याकडे नाही. मला सोयीचं होतं, एवढंच.

मधल्या काळात शेडमधल्या जुन्या फळ्यांचा एक स्टँड केला. त्यात खाचा पाडल्या आणि खाचांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले. काचा उभ्या, किंचित मागे कललेल्या, एकमेकींना न टेकता. आडवी ठेवली की स्वतःच्या वजनानं वाकते, आणि वर कोण काय ठेवेल याचा नेम नाही. मध्ये वर्तमानपत्र घालायचा मोह होतो. पण पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि काचेवर न निघणारे पांढुरके डाग पडतात, म्हणून सुती कापड. समोरची काच कधीतरी बदललेली, लॅमिनेटेड. तिच्या दोन थरांमधल्या प्लास्टिकला कडेनं ओल लागू द्यायची नाही, म्हणून ती जमिनीपासून सगळ्यात वर. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि मार्करनं नाव, आणि त्याच नावाच्या पिशवीत तिचे स्क्रू, चॅनेल, हँडल. स्टँड वाटेतून हलवून धान्याच्या खोलीतल्या मागच्या भिंतीला लावला. एका दुपारचं काम होतं. पहिला स्क्रू फिरवायच्या आधी करायचं काम.

मग आईला सांगितलं. स्क्रूड्रायव्हर, टवका, मला दिसला होता तेसुद्धा. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं, हात थांबला नाही.

"मंग चार दिवस कायले बोलला नाही?"

मी काहीतरी पुटपुटलो.

"ठीक हाय," ती म्हणाली. "पण फुटली तं माह्याच हातात ना."

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी गेल्या, त्यामुळे कुर्ल्याच्या भंगारात अजून काचा मिळतील असं मित्र म्हणतो. मोजमाप त्याला पाठवलं आहे. स्टँडमधली एक खाच रिकामी आहे, तिच्यावरची चिकटपट्टी मी काढलेली नाही. आई त्या खोलीत अजूनही झाडायला जात नाही. तेवढी खोली आता मी झाडतो.