रसिकाची साक्ष

१५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाकीर हुसेन गेले आणि पुढचे कित्येक दिवस महाराष्ट्रात जो तो त्यांची आठवण काढत होता. मृत्युलेखांनी कारकीर्द मांडली, पुरस्कार मोजले. रसिकांनी मात्र एकेक रात्र सांगितली. कुणी शिवकुमार शर्मांच्या संतूरची साथ सांगितली, कुणी ‘शक्ती’ या फ्यूजन वाद्यवृंदाची मैफल. या आठवणींचा साचाही ठरलेला होता: तिकीट कसे मिळवले, कितव्या रांगेत बसलो, शेजारी कोण होते, बाहेर पडलो तेव्हा किती वाजले होते. प्रत्यक्ष वादनाबद्दल जेमतेम दोन-चार वाक्ये.

संगीताचे अभ्यासक अशा आठवणींकडे जरा कौतुकाने आणि बऱ्याचशा अविश्वासाने पाहतात. स्मरणरंजन म्हणून त्या बाजूला ठेवल्या जातात. मला त्या बाजूला ठेवाव्याशा वाटत नाहीत. जे संगीत व्यासपीठावरच घडते, त्याच्या इतिहासात रसिकाची आठवण हा पुरावा असतो. फक्त तो साक्षीदाराने द्यावा तसा दिला पाहिजे, आणि घेणाऱ्याने तो एकट्या मुंबईकडून घेऊन थांबता कामा नये. परभणीसारख्या जिल्ह्यात राहून हे म्हणायला कारण आहे, त्याकडे येतोच.

आधी संगीताचे पाहू. मायल्स डेव्हिसच्या १९७० सालच्या ‘बिचेस ब्रू’त गिटार वाजवणाऱ्या जॉन मॅकलॉफ्लिनने १९७१ मध्ये ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ उभा केला. विजेची गिटार, व्हायोलिन, कीबोर्ड, बेस आणि ड्रम्स. विषम मात्रांची आवर्तने आणि रॉकचा दणदणाट. जॅझमधली उपज आणि रॉकमधली ताकद एकत्र आली ती अशी. १९७३ मध्ये या पाच जणांनी स्टुडिओत एक तबकडी ध्वनिमुद्रित करायला घेतली, पण आपसांत बिनसले आणि काम अडकले. तिच्याऐवजी बाजारात आले ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण. त्यात एकच रचना तबकडीची आख्खी बाजू, म्हणजे एकवीस मिनिटांहून अधिक वेळ व्यापते. अडकलेले स्टुडिओतले काम प्रकाशित झाले थेट १९९९ मध्ये. मधली सव्वीस वर्षे चाहत्यांच्या लेखी त्या रचना म्हणजे त्या संध्याकाळी बागेत जे वाजले ते.

मग यातले मूळ कोणते? ख्याल ऐकणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. बंदिश दोन-चार ओळींची असते. गाणे म्हणजे त्या रात्री त्या ओळींचे जे झाले ते. दुसऱ्या रात्री तीच बंदिश, तोच राग, पण गाणे वेगळे. फ्यूजनने पाश्चात्त्य रॉकच्या श्रोत्याला हीच सवय लावली. मैफल म्हणजे तबकडीची उजळणी, या समजुतीने येणाऱ्याला तिथे तबकडीत नसलेले काहीतरी मिळू लागले. जे एकदाच घडले त्याची नोंद दोनच ठिकाणी राहते: ध्वनिमुद्रणात, आणि हजर असणाऱ्यांच्या डोक्यात.

मॅकलॉफ्लिनच्याच ‘शक्ती’ची पहिली तबकडीही मैफलीतलीच. ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या साउथॅम्प्टन कॉलेजात ती मुद्रित झाली. मॅकलॉफ्लिनने विजेची गिटार ठेवून दिली होती. हातात साधी गिटार होती, पण खास बनवून घेतलेली: मुख्य तारांखाली तरफेच्या तारा, आणि पडद्यांमधले लाकूड खोलगट कोरलेले, म्हणजे तार खेचून मींड घेता यावी. सोबत एल. शंकर यांचे व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला, विक्कू विनायकराम यांचा घटम आणि रामनाड राघवन यांचा मृदंगम. पहिली रचना अठरा मिनिटांची, शेवटची जवळजवळ अर्ध्या तासाची. आणखी दोन तबकड्या निघाल्या आणि १९७८ पर्यंत हा पहिला अध्याय संपलाही.

ती तबकडी आज कुणीही घरबसल्या ऐकू शकतो. तीत स्वर आहेत, बोल आहेत, टाळ्याही आहेत. नाही ती एकच गोष्ट: टाळी देणाऱ्याला काय कळले होते, ते. तिहाई सुरू झाली की आपल्याकडच्या श्रोत्याची मान समेच्या आधीच तयारीत असते. समेवर येणारी ‘वाह’ वादकाच्या बरोबरीने पडते. परक्या श्रोतृवर्गाची टाळी सम गेल्यावर येते. वादकाला हा फरक ऐकू येतो आणि पुढची तिहाई तो त्याप्रमाणे लांबवतो किंवा आवरती घेतो. म्हणजे वादनाची दिशा ठरवण्यात सभागृहाचाही हात असतो. हा हात ध्वनिमुद्रणात दिसत नाही. तो सांगू शकतो तो तिथे बसलेला माणूस. रांग, शेजार, वेळ हे आठवणींतले तपशील क्षुल्लक वाटतात, पण श्रोतृवर्ग कसा होता याची माहिती त्यांतच असते.

हे सगळे आपल्याला परके, असे म्हणायची सोय मराठी माणसाला नाही. १९६७ मध्ये युरोपात ‘जॅझ मीट्स इंडिया’ मुद्रित झाले तेव्हा तबल्यावर केशव साठे होते. जॉन मेयर यांच्या लंडनमधल्या ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’मध्येही तेच. बेळगावात जन्मलेल्या शोभा गुर्टू ठुमरी-दादऱ्यासाठी घरोघरी माहीत. त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू तबल्यावरून ड्रम्सकडे गेले आणि दोन्ही एका मांडणीत बसवून बसले. मॅकलॉफ्लिनबरोबरचे त्यांचे त्रिकूट १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये वाजले, त्याचे ध्वनिमुद्रण आहे. घंटा आणि झांजा पाण्याच्या बादलीत बुडवून त्यांचा नाद वाकवणारे त्रिलोक ज्यांनी पाहिले, त्यांना ती बादली विसरता येत नाही. त्यांच्या १९८८ च्या ‘उसफ्रेट’मध्ये आईचा आवाज आहे. १९९७ नंतर ‘रिमेम्बर शक्ती’ या नावाने संच पुन्हा उभा राहिला. त्यात पुढे आलेले शंकर महादेवन चेंबूरमध्ये वाढलेले, श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेले. या संचाच्या ‘सॅटरडे नाइट इन बॉम्बे’ या तबकडीचे मुद्रण मुंबईतच झाले. २०२४ च्या फेब्रुवारीत ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ला ग्रॅमी मिळाले, तेव्हा झाकीर हुसेन यांच्या हयातीतले शेवटचे वर्ष सुरू झाले होते.

तेव्हा संगीत आपले आहे. आठवणी मात्र मुंबई-पुण्याच्या. मुंबईत १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली आणि धोबी तलावच्या रंगभवनात जगभरचे वादक येऊ लागले. परभणीहून मुंबई रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. मनमाडपासूनची मीटरगेज ब्रॉडगेज होईपर्यंत तर वाटेत गाडी बदलणे आलेच. इथल्या ज्याला हे संगीत लागले, त्याला ते कॅसेटमधून लागले. शहरात शिकणाऱ्या कुणी भरून आणलेल्या, लेबलावर पेनाने नाव लिहिलेल्या कॅसेटमधून. त्याच्याकडे सांगायला मैफल नाही. म्हणून चाहत्यांच्या बैठकीत तो ऐकणारा असतो, सांगणारा नसतो.

पण मैफल ऐकण्यात परभणी कच्ची आहे, असे कुणी समजू नये. हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याच्या उरुसात फेब्रुवारीच्या थंडीत कव्वाली ऐकायला बसणारा माणूस सर्व धर्मांचा आणि जाणता असतो. एकच मिसरा कव्वाल दहा प्रकारांनी फिरवतो, गर्दीचा कल बघतो, कुठे दाद आली तिथे थांबून तेच पुन्हा घेतो. एप्रिलमध्ये बाबासाहेबांची जयंती आली की गावोगाव भीमगीतांचे कार्यक्रम लागतात. दोन संचांचा दुरंगी सामना असेल तर सवालाला जवाब देता देता रात्र सरते. त्या मंचावरची वाद्ये नीट बघा. हार्मोनियम युरोपातून आलेली. ज्याला आपण बेंजो म्हणतो तो बुलबुलतरंग मूळ जपानी, १९१२ च्या सुमारास नागोयात टंकलेखन यंत्राच्या कळांवरून सुचलेला. शेजारी ढोलक, आणि अलीकडे कॅसिओ व ऑक्टोपॅड. गायकी कव्वालीची, शब्द मराठी, आशय आंबेडकरी. वेगवेगळ्या परंपरांची वाद्ये आणि लय एकत्र येऊन तिथल्या तिथे नवे काही घडणे, हीच फ्यूजनची व्याख्या असेल तर ती इथे केव्हाच पुरी झाली आहे. जॅझ-रॉकचा वंश वेगळा, मान्य. पण दोन्हींत रसिकाचे काम एकच.

या रात्रींच्याही आठवणी सांगितल्या जातात. साठीतल्या माणसाला विचारा. कुठल्या गायकाने कुणाच्या सवालावर काय टोला दिला, वीज गेल्यावर गॅसबत्तीवर कार्यक्रम कसा चालला, सगळे तो सांगेल. रंगभवनातल्या जॅझच्या रात्री इंग्रजी वृत्तपत्रांच्या परीक्षणांत आल्या, पुस्तकांत आल्या, त्यांचे फोटो निघाले. दुरंगी सामन्याची रात्र बहुधा कुणाच्या बोलण्यातच राहिली. पुढे गाण्यांच्या कॅसेटी निघाल्या, पण त्या स्टुडिओतल्या, कॅसेटच्या एका बाजूत मावतील एवढ्या वेळेत कापलेल्या. सवाल आणि जवाब यांच्यामध्ये समोरच्या हजार माणसांनी काय केले, ते त्या कॅसेटीत नाही. म्हणून मुंबईच्या रसिकाची आठवण इतिहासाला पुरवणी जोडते, आणि इथल्या रसिकाची आठवण हाच बराचसा इतिहास असतो.

यावर रास्त आक्षेप आहे: आठवण खोटे बोलते. वर्षे उलटली की मैफल लांबते, गर्दी वाढते, न ऐकलेला रागही ऐकल्यासारखा वाटू लागतो. दोन कार्यक्रम एकात मिसळतात. हे खरेच आहे. पण न्यायालयातही साक्षीदार चुकतो, म्हणून साक्ष घेणे कुणी बंद करत नाही. दुसऱ्या साक्षीशी ती ताडून पाहतात. तीच पद्धत इथे लागू पडते. कोणते सूर वाजले याबाबत ध्वनिमुद्रणावर विश्वास ठेवावा. लोक कसे बसले होते, कशावर उसळले, कशावर गप्प झाले, याबाबत तिथे असलेल्यांना विचारावे, आणि एकाला विचारून थांबू नये. आठवणींचा खरा दोष विस्मरण हा नाहीच. तो आहे मिरवणे. ‘तुम्ही तिथे असायला हवे होते’ हे चाहत्याचे लाडके वाक्य ऐकणाऱ्याला काहीही देत नाही. सांगणाऱ्याची जागा तेवढी उंच करते. जो सांगू शकतो त्याने काय घडले ते सांगावे. नुसते आपण होतो एवढेच सांगणारा साक्षीदार कामाचा नाही.

दुसरा प्रश्न पुढच्या आठवणींचा आहे. त्या घडायला जागा लागते आणि रात्र लागते. रंगभवन शांतता क्षेत्रात गेले आणि तिथल्या मैफली थांबल्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र होऊ शकतो, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणा-उत्सवांसाठी वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सूट राज्य देऊ शकते. नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. रुग्णाची झोप कुठल्याही तिहाईपेक्षा मोठी. पण मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती दिवसाढवळ्या छातीत धडका मारत जातात, आणि शांतपणे बसून ऐकायच्या कार्यक्रमाला दहाच्या ठोक्याला गुंडाळावे लागते, हे उलटे झाले आहे. बंदिस्त सभागृहांना याच नियमात मोकळीक आहे. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी आवाज नीट पोहोचेल असे सभागृह असणे ही चैन नव्हे. आपल्याकडची बहुतेक सभागृहे सत्कार आणि स्नेहसंमेलने डोळ्यांसमोर ठेवून बांधली जातात. भाषण ऐकू आले की काम झाले, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. घटमचा नाद तिथे पाचव्या रांगेपर्यंतही धड पोहोचत नाही.

काय करता येईल? जिल्ह्यात आकाशवाणीचे केंद्र आहे, महाविद्यालयांत मराठीचे आणि संगीताचे विद्यार्थी आहेत, प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. उरूस, जयंती, भजन, वाद्यवृंद यांच्या रात्री ऐकलेली पिढी अजून बोलते आहे. तिला ठरावीक प्रश्न विचारता येतील: गाव कोणते, साल कोणते, मंचावर कोण, वाद्ये कोणती, कार्यक्रम कितीला संपला, लोकांनी पुन्हा म्हणायला काय लावले. एकाच रात्रीबद्दल तिघांना विचारले तर त्यातून इतिहास निघू लागतो. हे काम मुंबईचा फ्यूजनप्रेमी त्याच्या बाजूने हौसेने करतो आहे. कोणत्या मैफलीत कोणती रचना किती लांबली यावर तो तासन्‌तास वाद घालतो. त्याची ही चिकाटी उचलण्यासारखी आहे.

रसिकतेला प्रतिष्ठा येते ती तपशिलाने, कुठल्या नावाच्या संगीताला टाळी दिली याने नव्हे. मॅकलॉफ्लिनच्या मींडेबद्दल नेमके चार शब्द सांगणारा आणि दुरंगी सामन्यातल्या एका जवाबाबद्दल नेमके चार शब्द सांगणारा, हे दोघे एकाच पंगतीचे. पहिल्याचे शब्द टिपायला माणसे होती. दुसऱ्याचे टिपायला आपण आहोत, आणि हे काम त्या पिढीच्या हयातीतच व्हायला हवे.