वेल कुणाचा?

दसरा झाला की वडवणीतल्या गल्ल्या रिकाम्या व्हायला लागतात. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आता परसबागेचं वेळापत्रक बघा. पावसाळ्यात भेंडी, गवार, दोडका मिळतो. पण मेथी, पालक, वांगी, वाल यांचे भरघोस दिवस थंडीतले. म्हणजे बाग भरते तेव्हाच घराला कुलूप. 'घरचं पिकवा, घरचं खा' सांगणारे रील्स बघताना मला ते कुलूप दिसतं.

आमच्या शेजारची मावशी दर पावसाळ्यात कुंपणाला वाल लावते. तोडीला निघायच्या वेळी तो नुकता फुलावर येत असतो. (आमच्याकडे 'कोयता' म्हणजे हत्यारही आणि तोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडीही. हिशोब कोयत्यांवर होतो, माणसांवर नाही.) एका वर्षी ती मला म्हणाली, "शेंगा तुम्हीच खा, येल तेवढा जगव. अन् बुडातल्या शेंगा बियाला राहू दे."

मी रोज तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी घालायचो. आमच्याकडे पाणी सांडायची सोय नाही. न्हाणीचं पाणीही केळीला जातं. थंडीत शेंगा लागल्या. आईने बुडातल्या पाच-सहा घोसांना चिंध्या बांधल्या. बाकीच्या शेंगांची दाण्याचं कूट आणि काळा मसाला घालून भाजी व्हायची, सोबत बाजरीची भाकरी. महिनाभर मला वेल आपलाच वाटू लागला.

जॉन लॉकने 1689 साली मांडलं होतं की ज्या वस्तूत तुम्ही श्रम मिसळता ती तुमची होते. रानात वेचलेलं फळ तुमचं कधी झालं, असंही तो विचारतो: पचलं तेव्हा, खाल्लं तेव्हा, शिजवलं तेव्हा, घरी आणलं तेव्हा? त्याचं उत्तर, वेचलं तेव्हाच. पण त्याचं फळ रानातलं होतं. इथे बी मावशीचं, पाणी माझं, शिजवणं आईचं. पाणी घालणाऱ्याचा हक्क मोठा, असं मला तेव्हा वाटायचं, कारण पाणी घालणारा मी होतो.

जानेवारीत अचानक पाहुणे आले. घरात भाजी नव्हती, आई बाहेर. मी चिंधीचे तीन घोस तोडले. शेंगा जून झाल्या होत्या, शिरा काढताना बोटं दुखली. पाहुण्यांनी भाजीचं कौतुक केलं आणि मी ते घेतलं. आई आल्यावर फक्त म्हणाली, "ते खायचं नव्हतं. ते पुढच्या वर्षीचं होतं."

मावशी परतली तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. रागावेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "कशी लागली रे भाजी?" मला कळेना. "बी माझ्या माहेरचं. लग्नापासून लावते. थंडीत कधी इथं नसतेच, हिरव्या शेंगाची चव मला कुठं ठाव?"

मी चांगली होती म्हणालो. जून होत्या हे सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं का, याचा विचार अजून करतो.

उरलेल्या शेंगांतून मूठभरही बी निघालं नाही. तिने ते राखेत घोळून डबीत भरलं. मग झाकण पुन्हा उघडून चार दाणे माझ्या हातावर ठेवले. "तुझ्या कुंपणाला लाव. पाणी तर तूच घालतोस."