डबा कोणाचा, दोष कोणाचा?

पुष्कळ शाळांतून पहिली-दुसरीच्या वर्गात बाई मुलांचे डबे तपासतात. पोळी-भाजी आणणाऱ्याला शाबासकी मिळते. बिस्किटे आणणाऱ्याला सर्वांसमक्ष बोलणी बसतात. हेतू चांगला आहे, याविषयी शंका नाही. परंतु सहा वर्षांचे मूल आपला डबा स्वतः भरीत नाही. त्याची आई पहाटेच कामावर गेली असेल, घरात त्या दिवशी भाजी नसेल. मग डब्यावर केलेला हा निवाडा वस्तुतः कोणावर होतो?

‘वाईट खाणे’ आणि ‘वाईट मुलगा’ यांतील भेद त्या वयात कळत नाही. एकदा लाजलेले मूल डबा लपवून खाऊ लागते. त्याला आहाराचे ज्ञान होत नाही, लपविण्याचे मात्र होते.

आता आपले वर्तन पाहा. शब्बाथ शाळेत वचन तोंडपाठ म्हटले की आपण चॉकलेट देतो (मीही दिले आहे). ‘भाजी संपव, मग गोड मिळेल’ असे घरी बजावतो. म्हणजे भाजी ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस, हे आपणच शिकवितो. खेळाचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली 5 ते 17 वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल हवी, असे सांगितले. आपण मात्र गणित मागे पडले की पी.टी.चा तास घेऊन टाकतो, आणि खोडकर मुलाला शिक्षा म्हणून मैदानाबाहेर बसवितो. धावण्याची सर्वांत अधिक गरज त्यालाच असते!

संयम हा सद्गुण खरा. पण ज्याच्या हाती निवड नाही, त्याच्याकडून तो मागणे न्यायाचे आहे काय? निवड मोठ्यांच्या हाती आहे. फार तेलकट, खारट व गोड पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत मुलांना विकू नयेत, असा नियम 2020 साली झाला. आपल्या शाळेच्या फाटकाबाहेर काय विकले जाते, हे आपण कधी पाहिले आहे?

शासनाची शालेय भोजन योजना 1995 साली सुरू झाली. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तीत शिजविलेले अन्न बंधनकारक झाले. प्राथमिक वर्गातील मुलाला त्यातून 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण आहे. मला मात्र त्यातील पंगत अधिक मोलाची वाटते. सर्वांच्या ताटात एकच अन्न असते. तेथे कोणाचा डबा उघडावा लागत नाही. एखाद्या दुपारी आपल्या जवळच्या शाळेत जाऊन पाहा, बाईही त्या पंगतीला बसून तीच उसळ खातात काय.