तलवार आणि ताडपत्र

संगणकावरील खेळांतून आज एक नवे पुराणविश्व उभे राहिले आहे. त्यात चिलखत घातलेले शिलेदार असतात, त्यांच्या शपथा असतात, स्वतःचे नाव असलेल्या तलवारी असतात आणि एकेकाळी वैभवात नांदून आता पाण्याखाली गेलेल्या नगरी असतात. हे खेळ खेळणारी मुले त्या नगरींचे नकाशे तोंडपाठ सांगतात. अमुक तलवार कोणाकडून कोणाकडे गेली याची वंशावळ जाणतात. वडीलधाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. परंतु ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पोवाडे ऐकले आणि वेशीवरच्या वीरगळांना शेंदूर लावला, त्याला या मुलांना हसणे शोभत नाही. वीर, वस्तू आणि नगरी ही त्रयी आपल्याही ओळखीची आहे. विचार करण्याजोगा प्रश्न निराळा आहे. या त्रयीतले मोल नेमके कशात असते? आणि त्या मोलासाठी दुसऱ्याचा जीव घेण्याची मुभा कोणाला, कुठवर असते?

असा प्रश्न अधांतरी सोडवता येत नाही. त्याला पाय टेकायला भूमी लागते. ती भूमी उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात आहे. काळी नदीच्या खोऱ्यातला हा दाट अरण्याचा प्रदेश. कोकणी, मराठी आणि कन्नड या तिन्ही भाषा इथे कानी पडतात. या तालुक्यात दोन स्थळे अशी आहेत की त्यांतून आपल्या त्रयीचे दोन्ही अर्थ उलगडतात. एक उळवी आणि दुसरे सुपे.

उळवी हे चन्नबसवण्णांचे समाधिस्थान. माघी पौर्णिमेच्या सुमारास तिथे मोठी जत्रा भरते आणि बेळगाव-धारवाडकडचे भाविक बैलगाड्या जुंपून घाट-जंगलाच्या वाटेने येतात. या यात्रेमागची कथा बाराव्या शतकातील कल्याणची, म्हणजे आजच्या बसवकल्याणची आहे. बिज्जळाच्या राज्यात मंत्रिपदावर असलेल्या बसवण्णांभोवती शरणांचा समुदाय जमला. त्यांच्या अनुभवमंटपात अल्लमप्रभू अध्यक्षस्थानी असत आणि परीट माचय्या, नावाडी चौडय्या, कातडी कमावणारे कक्कय्या यांना तिथे मानाचे आसन होते, असे परंपरा सांगते. पुढे चर्मकार हरळय्यांच्या मुलाचा विवाह ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीशी झाला. राजाने दोन्ही पित्यांना देहान्ताची शिक्षा दिली. त्यानंतर ११६७-६८च्या सुमारास बिज्जळाचा अंत झाला, कल्याणमध्ये हलकल्लोळ उडाला आणि शरणांची पांगापांग झाली. त्यांतला एक जथा चन्नबसवण्णा आणि त्यांच्या मातोश्री अक्कनागम्मा यांच्यासोबत पश्चिमेकडे निघाला. पाठलागावर फौज होती. वाटेत लढाया झाल्या. माचय्यांनी पिछाडी सांभाळली; कक्कय्यांनी देह ठेवला ती जागा म्हणून खानापूर तालुक्यातील कक्केरी दाखवली जाते. आणि या साऱ्या धुमश्चक्रीत शरण जे वाचवू पाहत होते ते सोने नव्हते, राजमुद्रा नव्हती. ते होते वचनांच्या ताडपत्रांचे गठ्ठे.

याच शतकात युरोपात राजा आर्थरच्या कथा आकार घेत होत्या. ११५५मध्ये वास या कवीने त्या राजाच्या गोल मेजाचा उल्लेख केला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात क्रेतियां द त्र्वा याने पवित्र पात्राच्या शोधाची कथा रचायला घेतली. आजच्या खेळांतील बहुतेक शिलेदार या घराण्याचे वंशज आहेत. गोल मेजाला अग्र नसते, म्हणून तिथे कोणी उच्च वा नीच बसत नाही, ही कल्पना सुंदर खरीच. पण त्या मेजाशी बसायचे तर आधी शिलेदार असावे लागे. घोडा, चिलखत आणि कुळ ही त्या समतेची प्रवेशफी होती. अनुभवमंटपात ही अट नव्हती. आर्थरची तलवार शेवटी सरोवरात परत फेकली जाते, कारण ती एका वीराची होती आणि त्याच्यामागे तिचा वारस नव्हता. ताडपत्र सरोवरात टाकून चालत नाही. ते वाचणाऱ्या प्रत्येकाचे असते.

इथवर मन सहज वाहत येते. पण आता अडचण उभी राहते. ज्यांनी दयेला धर्माचे मूळ मानले, त्यांच्याच अनुयायांनी शस्त्र कसे उचलले? आणि स्थावर नाशवंत, जंगम तेवढे शाश्वत, असा ज्यांचा सिद्धान्त, त्यांनी पानांच्या गठ्ठ्यांसाठी माणसे का मरू दिली, का मारली? एखादा कठोर वाचक म्हणेल की शरणांनी त्या दिवशी आपलेच तत्त्व मोडले. दुसरा म्हणेल की अहिंसा ही सुरक्षित काळातली चैन आहे. संकटात तलवारच कामी येते.

मला दोन्ही मते अपुरी वाटतात. कल्याणच्या कथेत हिंसेचे दोन प्रसंग आहेत आणि आपण ते एकत्र कालवतो. पहिला प्रसंग बिज्जळाच्या वधाचा. परंपरेने हे कृत्य जगदेव आणि त्याच्या साथीदारांकडे दिले आहे. पाल्कुरिकी सोमनाथाच्या तेलुगू बसवपुराणात त्याचा गौरव आहे. आधुनिक काळात गिरीश कार्नाडांना मात्र १९९०च्या ‘तलेदंड’ या नाटकात त्याच घटनाक्रमात शोकान्तिका दिसली. दुसरा प्रसंग पिछाडीच्या लढाईचा. पहिली हिंसा मागे पाहते. झालेल्या अन्यायाची ती परतफेड आहे. त्यामुळे तिला स्वतःची अशी मर्यादा नसते. राजा मेला तरी हरळय्या परत आले नाहीत, उलट मागे राहिलेल्यांवर फौज सुटली. दुसरी हिंसा पुढे पाहते आणि तिची मर्यादा तिच्या हेतूतच असते. मुले, म्हातारी माणसे आणि गठ्ठे नदीपार झाले की पिछाडीचे काम संपते. त्यानंतर एक वार जरी अधिक झाला तरी ती पिछाडी राहत नाही, सूड होतो. दयेच्या शिकवणुकीशी या दुसऱ्या लढाईचे नाते दुःखाचे आहे, पण ते तुटलेले नाही.

तरी पानांसाठी माणूस का मरावा, हा प्रश्न उरतोच. याचे उत्तर त्या पानांत कोणाचा आवाज होता यावर अवलंबून आहे. राजांच्या पराक्रमाला शिलालेख होते, मंदिरांना ताम्रपट होते. तांदूळ वेचणाऱ्या आयदक्की लक्कम्मांना, वेश्यावृत्तीतून आलेल्या सूळे संकव्वांना, कक्कय्या आणि चौडय्यांना पानाखेरीज दुसरा साक्षीदार नव्हता. ते जळाले असते तर ही माणसे झालीच नाहीत असे म्हणायला जग मोकळे झाले असते. स्थावर म्हणून त्या पानाची पूजा करणे निराळे, आणि जंगमाचे वाहन म्हणून ते पैलतीराला नेणे निराळे. गठ्ठा डोक्यावर घेणाऱ्याला हा फरक कळला असावा.

शिवाय ताडपत्राचा स्वभावच तलवारीच्या गर्वाला उत्तर देतो. ते दमट हवेत कुजते, त्याला कसर लागते. दोन-तीनशे वर्षांत नवी नक्कल केली नाही तर अक्षरे जातात. म्हणजे पिछाडीवर लढणाऱ्यांनी फार तर एक दिवस विकत घेतला. पुढली शतके विकत घेतली ती नाव न सांगणाऱ्या नकलाकारांनी, घरच्या फडताळात गठ्ठे जपणाऱ्या कुटुंबांनी, आणि विसाव्या शतकात विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी (१८८०–१९६४) यांनी. हळकट्टींनी दारोदार फिरून ताडपत्रे जमवली, १९२३मध्ये ‘वचनशास्त्रसार’चा पहिला भाग प्रसिद्ध केला आणि छापखान्यापायी राहते घरही विकले. त्यांच्या हाती कधी शस्त्र नव्हते. तरी पिछाडी सांभाळणाऱ्यांच्या रांगेत मी त्यांना माचय्यांच्या शेजारी उभे करीन.

इथे इतिहासाचा अभ्यासक हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. या लढायांचे तपशील बव्हंशी नंतरच्या पुराणांतून व स्थानिक परंपरेतून आलेले आहेत. कथा खरी नसेल तर तिच्यावर नीती कशी उभारावी? युरोपातही हा पेच आला होता. ११९१मध्ये ग्लास्टनबरीच्या मठवाल्यांनी आर्थरची कबर सापडल्याचे जाहीर केले. त्याआधी ११८४मध्ये मठ आगीत जळाला होता आणि त्यांना दानाची निकड होती. विंचेस्टरच्या किल्ल्यात टांगलेले गोल मेज आर्थरचे म्हणून शतकानुशतके दाखवले गेले. तपासणीत त्याचे लाकूड तेराव्या शतकातले निघाले. आपल्याकडे २०२४च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्यात आली, तेव्हाही ती शिवरायांनी वापरलेलीच आहेत का यावर वाद झाला. खुद्द त्या संग्रहालयाची भूमिका अशी आहे की हे पडताळता आलेले नाही.

या पेचातून वाट काढायला मला एक कसोटी उपयोगी वाटते. जी आख्यायिका ऐकणाऱ्याकडूनच काही मागते, तिने पुरावा थोडा दिला तरी चालेल. जी दुसऱ्याकडून काही मागते, त्याची जमीन, त्याची माफी किंवा त्याचे रक्त, तिने न्यायालयातील वादीप्रमाणे पुराव्यानिशीच उभे राहिले पाहिजे. वाघनखे पाहून एखाद्या मुलाला निर्भय व्हावेसे वाटले, तर ती कोणत्या लोहाराने घडवली हे गौण आहे. तीच पाहून त्याला शेजाऱ्याकडून हिशेब मागावासा वाटला, तर लोखंडाच्या प्रत्येक कणाची चौकशी झाली पाहिजे. धारावीत संत कक्कय्या मार्ग आहे. त्या रस्त्याने कामावर जाणाऱ्या माणसाला त्या नावाने ताठ चालायला शिकवले असेल, तर कक्केरीच्या लढाईची तारीख मिळो न मिळो, कथेने आपले काम केले.

पण ही कसोटीही पुरी पडत नाही. तिचे न्यून आपल्याला सुप्याला घेऊन जाते. आख्यायिका स्वतःकडून मागते असे म्हणताना ‘स्वतः’ कोण, हे विचारावे लागते. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपे हे गाव होते. तालुक्याचे ठाणे तिथेच होते आणि तालुक्याचे नावही सुपे होते. गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचे धरण झाले, १९८०च्या दशकात पाणी चढले, गाव बुडाले आणि ठाणे जोयड्याला गेले. विस्थापितांतले अनेक रामनगरला वसले. धरणाच्या पायथ्याशी १०० मेगावॅटचे वीजगृह आहे आणि याच साठ्याच्या आधाराने खालची मोठी वीजगृहे चालतात. राज्यातील असंख्य घरांत दिवे लागतात त्यात या पाण्याचा वाटा आहे.

बुडालेली नगरी म्हटली की खेळणाऱ्या मुलाच्या अंगावर रोमांच येतो. इथे तशी नगरी खरोखर आहे, आणि तिच्यासाठी वीरगळ नाही. वीरगळाची रचना आपल्याला ठाऊक आहे. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला स्वर्गी नेत आहेत, वर तो शिवपूजेत मग्न, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. सुप्याच्या लोकांची कथा या चौकटीत बसत नाही, कारण ते कोणाशी लढले नाहीत. त्यांच्याविषयी बोलताना ‘त्याग’ हा शब्द फार सहज वापरला जातो. माचय्यांनी पिछाडी स्वतः निवडली, म्हणून तो त्याग. ज्याच्याकडून घर, शेत आणि देवळाची पायरी काढून घेतली गेली, त्याला त्यागी म्हणणे हा गौरव नाही. ती घेणाऱ्याने स्वतःला दिलेली पावती आहे. त्याच्या बाबतीत योग्य शब्द ‘देणे’ हा आहे, आणि ते देणे आपल्याकडे आहे. धरण नकोच होते असे यातून निघत नाही. प्रकाशाचा उपयोग खरा आहे. पण ज्याने किंमत मोजली त्याची संमती होती का, हे न विचारता उभारलेली कोणतीही वीरकथा खोटी ठरते, मग तिच्यातला प्रत्येक तपशील शिलालेखात कोरलेला का असेना.

एकाच तालुक्यात हे दोन्ही पाठ शेजारी आहेत. उळवीला माणसे आपली अक्षरे घेऊन पोहोचली आणि त्यांच्या कथेला आठ शतके श्रोते मिळाले. सुप्याहून माणसे निघाली तेव्हा त्यांच्या कथेचे गठ्ठे कोणी बांधले नाहीत. ज्यांनी ते गाव पाहिले ते आज वृद्ध आहेत. घरांच्या ओळी, बाजाराचा दिवस, संगमावरच्या वाटा अजून कोणाकोणाच्या स्मरणात आहेत. ताडपत्राप्रमाणेच स्मरणालाही कसर लागते. कल्पित नगरींचे नकाशे पाठ करणाऱ्या मुलांच्या हाती वही देऊन त्यांना या वृद्धांकडे पाठवता येईल. तलवारीचे काम त्यात कुठेच नाही. नक्कल करून ठेवण्याचे काम मात्र पुष्कळ आहे, आणि त्याला फार वर्षे उरलेली नाहीत.