पदवीचा नवस

मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा सातबारा काढला, तर ‘इतर हक्क’ या रकान्यात बहुधा बँकेचा नाहीतर सोसायटीचा बोजा चढलेला दिसतो. कर्ज पिकाच्या नावावर असतं, पण कितीतरी घरांत त्यातले थोडे पैसे पुण्याला जातात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेची फी, मेसचा डबा, कॉट बेसिसवरच्या खोलीचं भाडं, सगळं त्यातून भागतं. अशा घरातला मुलगा किंवा मुलगी २०२३च्या तलाठी भरतीला बसली असेल, तर जागा होत्या ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांच्या वर. परीक्षा शुल्क खुल्या प्रवर्गाला एक हजार रुपये, राखीव प्रवर्गाला नऊशे. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त उमेदवार. सगळ्यांनी जिवाचं रान केलं असतं, तरी निवड तेवढ्यांचीच झाली असती. कट-ऑफ मात्र वर गेला असता.

तरीही निकाल लागल्यावर घरात जे बोललं जातं, त्यात हा हिशेब कुठेच नसतो. ‘पोरगं थोडक्यात हुकलं’, ‘अभ्यास कमी पडला’, ‘अजून एक अटेम्प्ट देऊ दे.’ मला खरा प्रश्न इथे दिसतो. आईवडिलांची शिक्षणावरची श्रद्धा डोळस की आंधळी, हे त्यांनी किती सोसलं यावरून ठरवता येणार नाही. श्रद्धा फळाला आली नाही, तर दोष कुणाच्या माथी जातो, यावरून ते ठरवावं. नवस फळला तर तो देवाचा प्रसाद, नाही फळला तर नवस करणाऱ्याचंच काहीतरी चुकलं. जिथे हार प्रत्येक वेळी भक्ताच्याच पदरात पडते, तिथे देवाची परीक्षा कधी होतच नाही. पदवीच्या बाबतीत आपण नेमकं हेच करून बसलो आहोत, आणि हार पदरात घेणारा तो भक्त बावीस-पंचवीस वर्षांचा आहे.

मग ही श्रद्धाच सोडून द्यावी का? तसं म्हणणाऱ्यांच्या हाती एक आकडा असतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४च्या अहवालानुसार, २०२२ साली देशातल्या पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत फक्त ३.४ टक्के. यावरून शिक्षणानेच वाटोळं केलं, असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, पण तो चुकीचा आहे. निरक्षर तरुणाला बेकार राहणं परवडत नाही. मिळेल त्या मजुरीला तो त्याच दिवशी जातो आणि त्याची गणना ‘काम असलेल्यां’त होते. पदवीधर थांबतो, कारण घर त्याला काही वर्षं थांबवू शकतं. म्हणून हा आकडा शिक्षणाचं अपयश सांगत नाही. शिकलेल्यांना शोभेल असं काम अर्थव्यवस्थेने निर्माण केलं नाही, एवढंच तो सांगतो. आईवडिलांच्या श्रद्धेला स्वतःचा पुरावाही आहे. आई शिकलेली असली की बालमृत्यू घटतात, मुलींची लग्नं उशिरा होतात, हे देशाच्या आरोग्य पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२मध्ये हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीची मागणी केली. १९१९मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था उभी केली. वाचता न येणारा माणूस सावकाराच्या वहीत काय लिहिलंय ते पाहू शकत नाही, हे या परंपरेने नीट ओळखलं होतं. ती श्रद्धा खोटी ठरलेली नाही. नंतर तिला नोकरीच्या हमीची जोड दिली गेली. ती हमी देणं शिक्षणाच्या हातात कधीच नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो धर्माच्या भाषेत येतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रद्धेचे सात्त्विक, राजस, तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत आणि फळावर डोळा ठेवून केलेला यज्ञ राजस म्हटला आहे. त्या आधारे सांगितलं जातं की ज्ञान हेच ज्ञानाचं फळ, नोकरीची अपेक्षा ठेवणारेच चुकतात. हे स्वतःला सांगायला उत्तम आहे. पण फळाची आशा सोडणं हा साधकाने स्वतःसाठी घेण्याचा निर्णय आहे. दुसऱ्याच्या घामाचे पैसे स्वीकारायचे आणि मग त्यालाच निष्काम व्हायला सांगायचं, याला अध्यात्म म्हणता येत नाही. जी आई दोन एकरांतलं सोयाबीन विकून हप्ता भरते, तिने फळाचा विचार करू नये असं म्हणण्याचा अधिकार फी घेणाऱ्या कॉलेजला नाही, क्लासलाही नाही आणि परीक्षा शुल्क घेणाऱ्या सरकारला तर मुळीच नाही.

कारण श्रद्धा एकतर्फी नसते. ती कुणीतरी ठेवतो, तशी कुणीतरी स्वीकारतोही, आणि स्वीकारणाऱ्यावर तिचं ऋण चढतं. आजवर त्या ऋणाचा हिशेब फक्त मुलांकडे मागितला गेला. ‘तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं’ हे वाक्य खरं असतं, म्हणूनच ते त्यांना मोडून टाकतं. तो हिशेब दुसरीकडे मागायला हवा. गेल्या पाच वर्षांत आमच्या पदवीधरांतले किती जण कशा कामाला लागले, हे प्रत्येक कॉलेजने प्रवेशाच्या माहितीपत्रकात छापावं. भरतीची जाहिरात काढताना सरकारने जागांबरोबर मागच्या वेळच्या अर्जांची संख्याही द्यावी, आणि मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी का ठेवली, याचं उत्तर विधिमंडळात द्यावं. आईवडिलांनीही चौथ्या अटेम्प्टचे पैसे पाठवण्याआधी हे आकडे मुलाबरोबर बसून वाचावेत आणि निवड झाली नाही तर तो दोष तुझा नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवावं.