मौनाचा दोष

जो स्वहस्ते रक्त सांडतो तोच केवळ दोषी, की जो जाणूनही मुका राहतो तोही? पुणे शहरातील एक वृत्त या प्रश्नावर प्रकाश पाडील.

सन १९७६ च्या जानेवारीत अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी जक्कल, सुतार, जगताप व शाह यांनी द्रव्यलोभाने आपल्याच सहाध्यायाचा, प्रकाश हेगडे याचा, घात केला. त्याच वर्षी जोशी यांच्या घरी ३ व वृद्ध संस्कृत पंडित अभ्यंकर यांच्या घरी ५ जीव गेले. १९७७ च्या मार्चात आणखी एक तरुण, असे १० बळी पडले. बुधवार पेठेसारख्या गजबजलेल्या वस्तीतही दिवेलागणीनंतर भय शिरले. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी झाली.

परंतु पहिल्या कृत्यात एक पाचवाही सोबती होता. तो पुढे माफीचा साक्षीदार झाला. तो पहिल्याच दिवशी बोलता, तर ९ जण कदाचित वाचते. आपला वाटा उघडा पडेल, हे भयच अशा मनुष्याचे तोंड बांधते. न्यायालयाने त्याला माफी दिली. पण त्या ९ जणांचा हिशेब माफीने मिटतो काय?

त्याला दोष देणे सोपे आहे. परंतु शेजारच्या घरी स्त्रीला मार पडतो, सावकार खोट्या कागदावर अंगठा घेतो, तेव्हा आपण काय करतो? काइनानेही भावाची जबाबदारी झटकली होती. उशिरा दिलेली साक्ष न्यायाला उपयोगी पडते. वेळेवर दिलेली साक्ष जीव वाचविते. म्हणून पहिल्याच दिवशी बोलावे.